दिवाळीच्या चॉकलेटची सुरुवात उन्हाळ्यात

खेडचा घाट चढून नाशिकच्या दिशेने निघालं की पेठ लागतं. पेठ सोडलं की रस्ता अवसरीचा घाट उतरतो आणि मंचर येतं. या दोन घाटांच्या मधला उंचवटा म्हणजे आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार. पेठ, कुरवंडी, थुगाव, भावडी, कारेगाव, कोल्हारवाडी, पारगाव तर्फे खेड ही इथली गावं. डिंभे धरणाचं पाणी खाली घोड नदीच्या खोऱ्यात फिरतं, पठारापर्यंत चढत नाही. कळमोडी धरणाचं पाणी मिळावं ही इथली जुनी मागणी. त्यामुळे शेती पावसाच्या भरवशावर आणि पीक खरिपाच्या बटाट्याचं. जूनमध्ये लावलेला बटाटा दिवाळीच्या आधी निघतो. त्यातला बराचसा वेफर्स करणाऱ्या कंपन्यांकडे जातो, आणि सणाचा खर्च त्याच पैशातून भागतो.

या लेखाचा विषय मात्र बटाटा नाही. विषय आहे चॉकलेटात बुडवलेल्या फळांचा: आवळ्याच्या पाकळ्या, संत्र्याच्या सालीच्या काड्या, आंबापोळीच्या वड्या, काळे बेदाणे. गेल्या काही वर्षांत दिवाळीच्या भेटीच्या डब्यात हा प्रकार ठळकपणे दिसू लागला आहे. शहरातल्या दुकानांतल्या डब्यांत क्रॅनबेरी असते, ब्लूबेरी असते, कुठल्या तरी दूरच्या देशातली वाळवलेली चेरी असते. हाच जिन्नस पेठेसारख्या गावात, आसपासच्या फळांचा, घरच्या घरी उत्तम होऊ शकतो. बचत गटातल्या बायका तो करू लागल्या तर त्याची किंमत चॉकलेटावरून ठरू नये, फळावरून ठरावी, असं माझं ठाम मत आहे. या पदार्थातलं खरं कसब फळ तयार करण्यात आहे, आणि ते कसब या पठारावर आधीपासून नांदतं आहे.

चॉकलेट घाटाखालीच आहे

चॉकलेट म्हटलं की मन परदेशात जातं. ते साहजिक आहे. १८२८ मध्ये नेदरलँड्सच्या व्हॅन हाउटेनने कोकोतलं तूप दाबून वेगळं काढण्याची रीत शोधली. १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने खाण्याची चॉकलेटची वडी बाजारात आणली. १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डॅनिएल पीटरने त्यात दूध मिसळण्याचं कोडं सोडवलं. संत्र्याची साल साखरेत मुरवून चॉकलेटात बुडवायची फ्रेंच पद्धत युरोपात नाताळच्या खाऊत मानाची आहे.

पण पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागाला चॉकलेट परकं नाही. कॅडबरीने १९४८ मध्ये भारतात धंदा सुरू केला, आणि तळेगावजवळच्या इंदुरीत तिचा कारखाना कित्येक दशकं आहे. मावळातल्या दुधाचा आणि या कारखान्याचा संबंध जुना. दुसरं ठिकाण तर पेठेच्या अगदी हाताशी. अवसरीचा घाट उतरल्यावर येणाऱ्या मंचरला मोर्डे फूड्सचा कारखाना आहे. देशभरातल्या बेकऱ्यांत आणि घरगुती चॉकलेट करणाऱ्यांच्या ओट्यावर ज्या जाड लाद्या दिसतात, ज्यांना सगळे ‘स्लॅब’ म्हणतात, त्यांतल्या पुष्कळशा याच नावाच्या असतात. आंबेगाव तालुक्यात तयार झालेली लादी कोलकात्याच्या किंवा कोचीच्या स्वयंपाकघरात वितळते आहे, आणि पेठेतल्या बाईला वाटतं आहे की चॉकलेट हे शहरातल्या शिकवणीवर्गातच शिकायचं काम आहे. हे अंतर मिटायला हवं.

या लादीविषयी एक गोष्ट आधी कळून घ्यावी. अस्सल चॉकलेटात कोकोचं स्वतःचं तूप असतं, त्याला कोको बटर म्हणतात. ‘कंपाउंड’ लिहिलेल्या लादीत कोकोची पूड असते, पण त्या तुपाच्या जागी वनस्पती तेलापासून केलेला घट्ट स्निग्धांश असतो. कंपाउंड स्वस्त पडतं, नुसतं वितळवलं तरी नीट गोठतं आणि उकाड्यात जास्त तग धरतं. अस्सल चॉकलेट महाग आणि लहरी, पण जिभेवर ठेवताच विरघळतं आणि कोकोचा वास मागे ठेवतं. सुरुवात कंपाउंडवर करावी, यात कमीपणा नाही. मात्र डब्यावर जे आहे तेच लिहावं. कंपाउंडला चॉकलेट म्हणून विकणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

पाणी हा वैरी

वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचे चार थेंब पडले की ते क्षणात रवाळ होतं, आखडतं, चमच्याला गोळा होऊन चिकटतं. असं होण्याचं कारण साधं आहे. चॉकलेटात साखरेचे आणि कोकोचे अतिशय बारीक कोरडे कण स्निग्धांशात तरंगत असतात. थोडंसं पाणी मिळालं की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना धरतात आणि सगळं मिश्रण बसतं. ताज्या फळात तर बहुतांश पाणीच. महाबळेश्वरची ताजी स्ट्रॉबेरी पुसून कोरडी करून चॉकलेटात बुडवता येते, पण ती त्याच दिवशी संपवावी लागते. दुसऱ्या दिवशी फळ पाझरतं, वेष्टन सुटतं, तिसऱ्या दिवशी वास येतो. भेटीचा डबा असा चालत नाही. तो चार घरी फिरतो, पाहुण्यांबरोबर मुंबईला जातो, तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवायचा असतो.

म्हणून फळातलं पाणी आधी काढावं लागतं. त्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. एक उन्हाचा, दुसरा साखरेचा. साखरेच्या घट्ट पाकात फळ ठेवलं की फळातलं पाणी पाकात येतं आणि पाकातली साखर फळात शिरते. मुरंबा मुरतो म्हणजे हेच घडतं. मुरवून मग वाळवलेल्या फोडीत इतकं कमी मोकळं पाणी उरतं की बुरशीला तिथे जगता येत नाही. अशी फोड चॉकलेटात बुडवली की दोघांचं जमतं.

पठारावरच्या बायकांना यातलं नवं काय? उन्हाळ्यात इथे घरोघर वाळवण होतं. बटाट्याचा कीस, वेफर्स, कुरडया, पापड. ऊन कोणत्या तासाला कडक, कोणत्या फडक्यावर पदार्थ चिकटत नाही, वरून वाळलेला पण आतून ओला तुकडा हाताला कसा लागतो, हे त्यांना कुठल्याही पुस्तकापेक्षा नेमकं कळतं. एकतारी पाक आणि गोळीबंद पाक यांतला फरक त्या बोटांच्या चिमटीत ओळखतात. चॉकलेटात बुडवलेल्या फळाचं तीन चतुर्थांश काम इथेच संपतं.

फळांचं वेळापत्रक

अडचण एकच आहे, आणि ती ऋतूची. दिवाळी येते ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत केव्हातरी. त्या वेळी जुन्नर-आंबेगावातली नामांकित फळं झाडावर नसतात. ज्याला दिवाळीला आपल्या फळाचा डबा करायचा आहे, त्याला कामाला उन्हाळ्यातच लागावं लागतं.

जानेवारीच्या अखेरीपासून नारायणगाव, येडगाव, गुंजाळवाडी, खोडद या पट्ट्यात द्राक्षाची काढणी सुरू होते. जुन्नरची लांबट, काळी, बिनबियांची जंबो द्राक्षं परदेशी जातात. निर्यातीच्या पेटीत अख्खा, डौलदार घड लागतो. प्रतवारी करताना जे मणी सुटतात ते चवीला तितकेच गोड असतात, पण पेटीत त्यांना जागा नसते. आपल्याला हवेत ते हेच. चाळणीत घेऊन मणी उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवायचे आणि लगेच काढायचे. त्याने सालीवरचा मेणासारखा थर सुटतो, बारीक चिरा पडतात आणि पाणी लवकर निघतं. मग जाळीवर, वर पातळ फडकं टाकून वाळवायचे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तासगाव-सांगलीकडे हाच धंदा मोठ्या शेडमध्ये, सावलीत चालतो आणि सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. जुन्नरचा जाड काळा मणी वाळायला वेळ घेतो, पण वाळला की त्याचा आंबटगोडपणा गडद चॉकलेटाखाली फार खुलतो.

मे-जूनमध्ये आंबा. जुन्नरच्या पश्चिमेला येणेरे आणि आसपासच्या गावांतला हापूस कोकणातला हंगाम ओसरू लागल्यावर बाजारात येतो. डागी, लहान, पेटीत न बसणारा आंबा आंबापोळीला लावावा. रस आटवून, थोडी साखर घालून, तूप लावलेल्या ताटात पातळ पसरायचा. एक थर सुकला की दुसरा. तीन-चार थरांची जाड पोळी झाली की वड्या कापायच्या. या वड्या कोरड्या डब्यात घालून दिवाळीपर्यंत ठेवता येतात. पावसाळ्यात डब्यात ओल शिरणार नाही एवढं मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं.

त्याच दिवसांत डोंगरात करवंदं येतात. बेकरीतल्या केकवर जी लालभडक ‘चेरी’ असते ती पुष्कळदा करवंदाची असते: कच्चं करवंद, बी काढलेलं, पाकात मुरवलेलं, रंग दिलेलं. रंग न देता ते मुरवलं तर त्याची स्वतःची तुरट-आंबट चव राहते, आणि ती चॉकलेटाला फार शोभते.

जून ते सप्टेंबर पठारावर पाऊस आणि बटाट्याची कामं. या काळात उन्हाचा भरवसा नाही. आलं आणि कच्ची पपई ही दोन्ही चुलीवर पाकात मुरवता येतात, बेकरीतली टुटीफ्रुटी कच्च्या पपईचीच असते. ती वाळवायला मात्र पावसाची उघडीप किंवा वाळवणयंत्र लागतं. एस फॉर एस टेक्नॉलॉजीज या कंपनीने सौर वाळवणयंत्रं ग्रामीण महिलांच्या हाती देऊन कांदा, भाजीपाला वाळवण्याचं मोठं काम उभं केलं, आणि २०२३ मध्ये तिला अर्थशॉट हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. असं एखादं यंत्र गावात आलं तर पावसाळ्याचे महिनेही कामाचे होतील.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागपुरी संत्री पुण्याच्या बाजारात येऊ लागतात. फोडी खाऊन फेकली जाणारी साल इथे मुख्य वस्तू होते. सालीच्या काड्या कापून तीनदा पाणी बदलून उकळायच्या, म्हणजे कडवटपणा उतरतो. मग सालीच्या वजनाइतक्या साखरेच्या पाकात मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायच्या आणि जाळीवर एक-दोन दिवस सुकवायच्या. दिवाळीला थोडेच दिवस उरले असले तरी हा जिन्नस जमतो.

आवळा: कार्तिकाचं फळ

या सगळ्यांत माझा जीव आवळ्यावर आहे. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवायची आपली रीत, तुळशीच्या लग्नात आवळा हवाच. भीमाशंकरच्या बाजूच्या जंगलपट्ट्यात लहान, तुरट रानआवळा असतो, आणि बाजारात कलमी झाडांचा मोठा आवळा. कँडीला मोठा चांगला, कारण त्याला गर भरपूर.

एक किलो आवळे वाफेवर उकडावेत. पाकळ्या आपोआप उकलू लागल्या की पुरे. बिया काढाव्यात. त्या पाकळ्यांत पाऊण किलोच्या आत-बाहेर साखर घालून झाकून ठेवावं. दुसऱ्या दिवशी साखरेचं पाणी झालेलं दिसतं, तेच आवळ्यातून निघालेलं पाणी. रोज एकदा हलवावं. दोन-तीन दिवसांत पाकळ्या तळाशी बसतात, म्हणजे साखर आत शिरली. मग निथळून, जाळीवर फडकं टाकून, उन्हात दोन-तीन दिवस वाळवाव्यात. निथळलेला पाक सरबताला ठेवावा. मोठ्या प्रमाणावर करणारे पाक टप्प्याटप्प्याने घट्ट करत नेतात. एकदम दाट पाकात फळ टाकलं तर बाहेरून पाणी झपाट्याने ओढलं जातं, फोड आक्रसते आणि कडक होते. म्हणून आधी सौम्य पाक, रोज थोडा दाट, शेवटी शंभर भागांत सत्तर भाग साखर होईपर्यंत.

बाजारातली आवळा कँडी पिठीसाखरेत घोळलेली असते. चॉकलेटासाठी ती घोळायची नाही, कारण पिठीवर वेष्टन धरत नाही. पाकळी बोटाला चिकटणार नाही इतकी कोरडी, पण वाकवली तर मोडणार नाही इतकी मऊ असावी. कडू-गोड चॉकलेट आधी लागतं, मग साखर, आणि सगळ्यात शेवटी आवळ्याचा तुरटपणा. त्यानंतर पाणी प्यायलं तर तेही गोड लागतं. क्रॅनबेरीत हे नाही.

बुडवण्याची सकाळ

ऑक्टोबरची दुपार चॉकलेटाला सोसत नाही. पठारावर पहाटे गारवा असतो, तेव्हाच हे काम उरकावं. खोली वीस-बावीस अंशांच्या आसपास असली तर वेष्टन सुरेख गोठतं.

लादी बारीक चिरावी. एका पातेल्यात दोन बोटं पाणी गरम करून आच मंद करावी, त्यावर कोरडं पातेलं ठेवून त्यात चॉकलेट वितळवावं. वरच्या पातेल्याचा तळ पाण्याला लागू नये आणि वाफ आत शिरू नये. चमचा, काटा, हात सगळं कोरडं. कंपाउंड असेल तर वितळून गुळगुळीत झालं की लगेच बुडवायला घ्यावं.

अस्सल चॉकलेटाला एक पायरी जास्त. कोको बटर सहा तऱ्हांनी गोठू शकतं आणि त्यांतली एकच तऱ्हा, पाचवी, आपल्याला हवी असते. ती चकाकते, मोडताना टणत्कार करते आणि तेहतीस-चौतीस अंशांना, म्हणजे तोंडाच्या उष्णतेच्या थोडं खाली, विरघळते. ती मिळवण्यासाठी गडद चॉकलेट पंचेचाळीस अंशांपर्यंत वितळवून, त्यात न वितळवलेले तुकडे टाकून ढवळत अठ्ठावीसपर्यंत उतरवतात आणि पुन्हा एकतीस-बत्तीसवर आणतात. थर्मामीटर हवाच. हे चुकलं तर दोन दिवसांनी वेष्टनावर राखाडी पट्टे उमटतात. ते खाल्ल्याने अपाय नाही, पण डबा उघडणाऱ्याला ती बुरशी वाटते.

फोड काट्यावर घेऊन बुडवावी, पातेल्याच्या काठावर हलके आपटून जादा चॉकलेट गळू द्यावं आणि बटर पेपरवर ठेवावी. आंबापोळीची वडी आणि संत्र्याची काडी अर्धीच बुडवावी. उरलेल्या अर्ध्यात फळाचा रंग दिसू द्यावा. डब्यातल्या प्रत्येक तुकड्याला आपलं गाव-शिवार सांगता आलं पाहिजे. गोठवायला फ्रिज शक्यतो वापरू नये. बाहेर काढताच त्यावर दव धरतं, दवात साखर विरघळते आणि सुकल्यावर पांढरी खरखरीत साय राहते. हवाबंद डब्यात, थंड कोपऱ्यात, नीट वाळवलेल्या फळाचा हा खाऊ दोन-तीन आठवडे निर्धास्त टिकतो.

मोल कशाचं

दिवाळी जवळ आली की भेसळीच्या खव्यावर धाडी पडल्याच्या बातम्या येतात. त्या धास्तीने पुष्कळ घरांनी मिठाईचा डबा सोडून चॉकलेट आणि सुकामेव्याचा डबा धरला. मोठ्या कंपन्यांनी ही संधी ओळखली आणि सणाचे रंगीत डबे घरोघर पोहोचवले. गावातल्या बचत गटाला याच बाजारात जागा आहे. पुण्यातल्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी गावाकडच्या गटांच्या गाळ्यांवर शहरी माणूस घरगुती चव शोधत येतो.

विकायचं तर नियम पाळावेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करावी. वेष्टनावर घटक, वजन, तयार केल्याची तारीख, नोंदणी क्रमांक आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह द्यावं. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत उद्योगाला खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान, आणि बचत गटातल्या प्रत्येक सदस्याला ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद करण्यात आली. उमेद अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, यांचं जाळं गावोगाव आहे. कागदपत्रांचं काम कटकटीचं असतं हे खरं, पण गटाने मिळून केलं तर झेपतं.

पैशाचा हिशेब मात्र गटाने स्वतः, काटेकोर करावा. चॉकलेटाची लादी, साखर, डबा, गॅस यांची किंमत लिहिली जाते. वाळवणावर दिवसभर ठेवलेली नजर, रात्री उठून झाकलेलं फडकं, तीनदा बदललेलं सालीचं पाणी, सात महिने सांभाळलेला बेदाणा हे मोजलंच जात नाही. ते घरचंच काम समजलं जातं. मग डबा इतक्या कमी भावाने जातो की पुढच्या वर्षी करायची उमेद राहत नाही. प्रत्येक टप्प्याचे तास वहीत लिहा, गावातल्या शेतमजुरीच्या दराने त्यांची किंमत धरा आणि मगच भाव सांगा. लादी कुणालाही दुकानातून आणता येते. उन्हाळ्यातल्या पंधरा दिवसांच्या राखणीने तयार झालेला जुन्नरचा काळा मणी आणता येत नाही, आणि गिऱ्हाइकाला ते समजावून सांगितलं तर तो पैसे देतो.

या दिवाळीला द्राक्ष आणि आंबा हातात नसेल तर नसू द्या. संत्र्याची साल आणि बाजारात येऊ लागलेला आवळा यांवर सुरुवात होते. एका किलोचा पहिला घाणा करा, शेजारच्या घरांत वाटा, काय चिकट राहिलं आणि काय कडक झालं ते विचारून घ्या. तुळशीच्या लग्नानंतर आवळा उतरतो तेव्हा जास्तीची कँडी करून ठेवा. फेब्रुवारीत नारायणगावच्या बाजूला ओळख काढून सुटे मणी मिळतात का पाहा, मे महिन्यात बटाट्याच्या किसाशेजारी आंबापोळीचं एक ताट वाढवा. पुढच्या वर्षी बटाटा निघेल तेव्हा पेठेच्या घरांत डबे भरलेले असतील, आणि लादी आणायला फक्त घाट उतरून मंचरला जावं लागेल.